नाकबाईच्या सात बरण्या

शहराच्या पर्यावरण आयोगात तळमजल्यावर प्रयोगशाळा होती आणि तिथे तेवीस वर्षं पाण्याचे नमुने आणून देणाऱ्या बाईला सगळे नाकबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. नाक दिसायला बेताचंच, चष्मा जेमतेम टिकेल एवढं. पण बाटलीचं बूच अर्धं उघडलं की हे पाणी बाजारातल्या गटाराचं की कत्तलखान्यामागच्या ओढ्याचं, हे ती मान न वळवता सांगायची. वरच्या मजल्यावरची माणसं नाकाने कांदे सोलायची आणि खालच्या मजल्यावरची ही बाई नाकाने पाणी तपासायची, दोन मजल्यांत फरक म्हणाल तर एवढाच.

सोमवारी आणि गुरुवारी तिची सात ठिकाणांची फेरी असे. बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग तोंड प्रवाहाकडे करून बुडवायची, चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहायचं, कारण शाई ओघळते. आणि शेवटी बाटली बाहेरून पुसून लख्ख करायची. हा शेवटचा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता, तो तिचा स्वतःचा. शिपाई चिडवायचा, "बाई, गटाराचं पाणी आहे, अत्तर नाही." ती म्हणायची, "घाण आत आहे ना, मग बाहेर कशाला?" आणि पुसत राहायची.

गटाराची तिला किळस येत नसे. गटार काही लपवत नाही, येताय तर या म्हणतं. किळस यायची ती वरच्या मजल्याची. तिथे बैठका चालत. खाली जाड सतरंजी, खिडक्या बंद, गार हवा सोडलेली, आणि प्रत्येकापुढे प्लास्टिकची एक इवलीशी पाण्याची बाटली. माणसं तास-दीड तास प्लास्टिकच्या नावाने बोटं मोडायची, दोन घोट प्यायची आणि उठून जायची. मग उरलेल्या बावीस अर्ध्या बाटल्या गोळा करायला खालून नाकबाईला बोलावणं यायचं. का, तर बाटल्या तिचं खातं. एकीच्या तळाला बिस्किटाचा चुरा, दुसरीच्या तोंडाला ओठांचा रंग. त्या ओतून देताना तिला जी शिसारी यायची ती कत्तलखान्यामागेही कधी आली नव्हती.

तिच्या फेरीतलं सातवं ठिकाण म्हणजे मुलाम्याच्या कारखान्यामागची गल्ली. कारखाना लहानसाच. नळ, कड्या, बिजागऱ्या यांना चकाकी चढवायचा. चकाकी चढवून उरलेलं आम्ल मागच्या खड्ड्यात जायचं, खड्ड्यातून जमिनीत मुरायचं आणि जमिनीतून गल्लीच्या हातपंपात यायचं. त्या गल्लीत नाकबाईची थोरली बहीण राहत होती. नाकबाईचा नवरा गेल्यावर तिनेच हिला नोकरीला लावलं होतं, हिच्या मुलीला आपल्या पोरांबरोबर वाढवलं होतं. ताईचा शब्द नाकबाई मोडत नसे, आणि गल्लीतली चाळीस घरंही मोडत नसत.

पंपाचं पाणी दिसायला काचेसारखं. त्यात शेवाळ धरत नव्हतं, डास अंडी घालत नव्हते, किडा जगत नव्हता. दोन वर्षांपूर्वी नाकबाईला त्याचा वास पहिल्यांदा वेगळा आला, तोंडात जुनं नाणं धरल्यासारखा. तिने तपासणीची कागदी पट्टी बुडवली तर पट्टी लालभडक झाली. अहवाल वर गेला तो गेलाच. नाकबाईने मात्र त्याच संध्याकाळी ताईला गाठलं. "ताई, धुण्याभांड्याला वापरा हवं तर, पण हे पाणी तोंडात घालू नका. पोरांना तर थेंबही नको." ताईने घरोघरी जाऊन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खी गल्ली बस डेपोजवळच्या नळावरून पिण्याचं पाणी आणू लागली. जायला पाव तास, भरल्या कळशीने यायला त्याहून जास्त. ताईचा गुडघा सुजला, पण दोन वर्षं एक दिवस खाडा झाला नाही.

अशातच आयोगाने तीन वर्षांचा आराखडा करायला घेतला. नाव चांगलं लांबलचक होतं: लोकशिक्षण आणि स्थानिक प्राधान्यक्रम. सोपं करून सांगायचं तर सात ठिकाणांपैकी तीन निवडायची, तीन वर्षं तिथेच काम करायचं, बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत वाट बघायची. गल्ली पहिल्या तिनांत आली तर खड्डा बुजणार होता आणि दारात नळ येणार होता. नाही आली तर ताई आणखी तीन वर्षं कळशी वाहणार होती. नाकबाईला आयुष्यात आयोगाकडून एवढी एकच गोष्ट हवी होती.

लोकशिक्षणासाठी एक सल्लागार बाई नेमल्या होत्या. वयाने नाकबाईच्या मुलीएवढ्या, जीभ मधात बुडवलेली. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं की लोकांना आकडे आवडत नाहीत, आकड्यांनी लोक घाबरतात. त्यापेक्षा वाचनालयाच्या दालनात सात ठिकाणच्या पाण्याच्या सात बरण्या मांडू. प्रत्येक बरणीपुढे एक वाडगा, वाडग्यावर बारीक अक्षरात ठिकाणाचं नाव. येणाऱ्याने बघायचं आणि जिथलं पाणी सगळ्यात घाण, त्या वाडग्यात मणी टाकायचा. मणी मोजले की प्राधान्यक्रम तयार. अध्यक्षांनी टाळी वाजवली. अध्यक्ष हे पूर्वी कशाचे तरी अध्यक्ष होते आणि पुढेही कशाचे तरी होणार होते, त्यामुळे टाळी कुठे वाजवायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नाकबाईला तर आनंदच झाला. तिला वाटलं, चला, आता बरण्यांची झाकणं उघडतील, लोक वास घेतील, आणि तेवीस वर्षं जे एका नाकाला कळत होतं ते शहराला कळेल. ती घरून सुती फडकी घेऊन आली. बरण्या भरल्या, पुसल्या, इतक्या लख्ख केल्या की दागिन्यांच्या दुकानात शोभाव्यात. प्रत्येकीवर तिने आपल्या अक्षरात तपासणीचा आकडा लिहून चिठ्ठी लावली.

"बाई, किती सुंदर!" सल्लागार बाई म्हणाल्या आणि नखाने एकेक चिठ्ठी खरवडून काढू लागल्या. चिठ्ठ्यांच्या जागी त्यांनी गोल चेहरे चिकटवले. कुठे रडका, कुठे रागावलेला. सातव्या बरणीवर हसरा चेहरा लागला.

"मॅडम, तो चेहरा तिथे नको," नाकबाई म्हणाली. "ते पाणी सगळ्यात वाईट आहे. त्यात आम्ल आहे. म्हणून तर ते असं दिसतं."

"कुठून वाईट दिसतंय तुम्हाला?"

"दिसत नाही, मॅडम. वास घेऊन बघा ना. झाकण उघडते."

"नको नको नको," दारातून अध्यक्ष म्हणाले. "उद्घाटनाला पाहुणे आहेत. वास-बिस काही चालणार नाही. झाकणं बंद, वरून चिकटपट्टी. आणि हो, आपल्यापैकी कुणी मणी टाकणाऱ्यांशी बोलायचं नाही. मतावर परिणाम होतो."

"बाई, तुमचा मुद्दा खूप म्हणजे खूप महत्त्वाचा आहे," सल्लागार बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. "आपण तो नोंदवून घेऊ."

नोंदवून घेणं म्हणजे काय ते नाकबाईने तेवीस वर्षं पाहिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मस्तकात गेलेली आग तोंडावाटे बाहेर यायला जी हिंमत लागते ती तिच्याकडे वरच्या मजल्यावर कधीच नसायची. तिने चिकटपट्टी आणली आणि झाकणं बंद केली. शिवाय हिचं काम म्हणजे चोख. एका वेढ्याच्या जागी दोन वेढे, कडा नखाने दाबून. सातही बरण्यांतून वासाचा कणसुद्धा बाहेर येईना. वाईट याचं, की हे करताना तिला आपल्या कामाचं थोडं कौतुकही वाटलं.

प्रदर्शन भरलं. सगळ्यात जास्त गर्दी बागेतल्या तळ्याच्या बरणीपुढे. पाणी हिरवंगार, त्यात शेवाळाचे पुंजके, आणि बेडकाची चार पिल्लं मजेत शेपट्या हलवत होती. जिथे बेडूक वाढतो तिथे पाण्याला फारसं काही झालेलं नसतं, हे नाकबाईच काय, कुठलाही शहाणा बेडूक सांगेल. पण लोक ईऽऽ करत होते, नाकाला रुमाल लावत होते. बंद बरणीपुढे रुमाल! आणि सातव्या बरणीपाशी येऊन एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "हे नळाचं ठेवलेलं दिसतंय, तुलना करायला." नाकबाई हात मागे बांधून टेबलाच्या मागे उभी होती. बोलायचं नव्हतं.

मात्र तिला एक आधार होता. दुपारी ताई येणार होती, गल्लीतल्या बायकांना घेऊन. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, धुवट कपडे घालून, केस चापून बसवून पस्तीसेक जणी आल्या. ताई सगळ्यांच्या पुढे, गुडघ्यावर हात ठेवून पायऱ्या चढत. दारातूनच तिने नाकबाईला डोळा मारला. पस्तीस मणी म्हणजे गल्ली तिसऱ्या नंबरावर नक्की, असा नाकबाईने मनात हिशेब केला.

सल्लागार बाईंनी बायकांना रांगेत उभं केलं आणि गोड आवाजात समजावलं. "मावश्यांनो, एकच विनंती. आपलं-परकं करू नका. माझी गल्ली, माझं घर असा स्वार्थ नको. खरोखर जिथलं पाणी घाण आहे, तिथेच मणी टाका. हो ना?"

बायकांनी माना डोलावल्या. ताई सातव्या बरणीपुढे येऊन थांबली. तिने वाकून पाणी पाहिलं. हसरा चेहरा पाहिला. शेजारच्या रडक्या चेहऱ्याची हिरवी बरणी पाहिली. मग मान वर करून तिने आपल्या बहिणीकडे पाहिलं आणि नुसत्या भुवया उंचावल्या.

नाकबाईने तोंड उघडलं. टेबलाच्या टोकाला सल्लागार बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, अगदी हसत, लहान मुलाला गप्प करताना ठेवतात तसं. मागे अध्यक्ष पाहुण्यांबरोबर उभे होते. नाकबाईने तोंड मिटलं. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने फडकं उचललं आणि मान खाली घालून सातवी बरणी पुसू लागली.

ताईचा मणी तळ्याच्या वाडग्यात पडला. तिच्या मागच्या बाईने ताईने टाकला तिथे टाकला, तिच्या मागचीनेही तिथेच. पस्तीस मणी एकामागून एक टप टप पडत गेले आणि नाकबाई पुसत राहिली. सल्लागार बाईंनी ताईला पुन्हा एकदा मणी हातात देऊन हसायला लावलं, तळ्याच्या बरणीशेजारी उभं केलं आणि तिचा फोटो घेतला.

संध्याकाळी मोजणी झाली. तळं पहिलं, बाजारातलं गटार दुसरं, कत्तलखान्यामागचा ओढा तिसरा. सातव्या वाडग्यात चार मणी होते.

दुसऱ्या दिवशी नाकबाई न बोलावता वरच्या मजल्यावर गेली. तेवीस वर्षांत हे पहिल्यांदाच. अध्यक्ष चहा पीत होते.

"साहेब, हे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं," ती म्हणाली. "तळ्याला काहीही झालेलं नाही. गल्लीतली पोरं मरतील त्या पाण्याने."

"बाई, बसा. त्या गल्लीतल्या बायकांनीच तळ्याला मत दिलंय, माझ्या डोळ्यांदेखत. इतका निःस्वार्थीपणा मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. लोकांनी ठरवलं म्हटल्यावर आता आपण कोण बदलणार?"

"लोकांना दाखवलंच चुकीचं."

"तुम्हीच तर भरल्यात बरण्या." अध्यक्षांनी बिस्कीट चहात बुडवलं. ते तुटून कपात पडलं, तेव्हा त्यांनी चमच्याने ते काढून खाल्लं आणि बोट चोखलं. "लेखी द्या काय ते. नोंदवून घेऊ."

तिने त्याच दिवशी लेखी दिलं, आकड्यांसकट, दोन पानं. आठवड्याने जिन्यात भलंमोठं भित्तिपत्रक लागलं. त्यावर ताई हसत होती, हातात मणी, शेजारी हिरवी बरणी, खाली मोठ्या अक्षरांत 'आधी शहर, मग मी'. नाकबाई रोज चार वेळा त्या जिन्याने चढायची-उतरायची. तिला त्या कागदाची, जिन्याची, आपल्या हातातल्या फडक्याचीही शिसारी आली. आणि खरं सांगायचं तर ताईचाही राग आला. एवढं सांगून ठेवलं, दोन वर्षं कळश्या वाहिल्या, आणि ऐन वेळी मणी टाकला बेडकांना! मनात भांडणाची सगळी वाक्यं जुळवून एका दुपारी ती गल्लीत गेली.

ताई उंबऱ्यात बसली होती, नातीला मांडीवर घेऊन. चेहरा खुललेला. "ये ये. माझा गुडघा बघ, सूज निम्म्याने उतरली," म्हणत तिने आत जाऊन पेला भरून आणला.

पेला हातभर लांब होता तेव्हाच नाकबाईला वास आला. जुन्या नाण्याचा. भांडणाची वाक्यं जागच्या जागी विरली.

"ताई, हे कुठलं पाणी?"

"कुठलं म्हणजे? आपल्या पंपाचं."

"प्यायचं?"

"प्यायचं, शिजवायचं, सगळंच. प्रदर्शन झालं त्या दिवसापासून. अख्ख्या गल्लीने डेपोचा नळ सोडला. कशाला उगाच मरायचं त्या कळश्यांनी?"

"हिच्या दुधात?" नाकबाईने नातीकडे बोट केलं.

"अगं, ओरडतेस काय? तुझ्याच आयोगाने मांडलं होतं ना? हसरं तोंड लावून? बाकीची पाणी बघ आणि आपलं बघ. खोटं कसं बोलू मी? घाण होतं तिथेच मणी टाकला."

"मी तुला सांगितलं होतं, ताई! दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं की हे तोंडात घालू नका!"

"सांगितलं होतंस. म्हणून तर मी आधी तुझ्याकडे बघितलं." ताईने पेला खाली ठेवला. "त्या चेहऱ्या-बिहऱ्यावर मी जाते होय? मी तुझ्याकडे बघितलं. म्हटलं, काही असेल तर ही बोलेल. नाहीतर नुसती मान तरी हलवेल. तू खाली बघून बरणी पुसत बसलीस. मी म्हटलं, झालं, पाणी सुधारलं. म्हणून ही गप्प आहे."

"बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं आम्हाला," नाकबाई म्हणाली. आपलंच वाक्य कानावर पडलं तेव्हा तिला वरच्या मजल्यावरच्या कुणाचीही आली नव्हती इतकी स्वतःची किळस आली.

ताई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली, आत गेली, आणि आतून पाणी मोरीत ओतल्याचे आवाज येऊ लागले. माठ, कळशी, तपेली, नातीची दुधाची बाटली. मग रिकामी कळशी कमरेवर घेऊन, गुडघ्यावर हात दाबत ती बाहेर आली.

"पोरीला सांभाळ म्हणणार होते," ताई म्हणाली, "पण तिला मीच नेते. तू घरोघरी जाऊन सांग. मागच्या वेळी मी सांगितलं, त्यांनी ऐकलं. मण्याच्या वेळीही माझ्यामागून आल्या. आता मला तोंड नाही. तू सांग."

ती नातीला दुसऱ्या कडेवर घेऊन डेपोच्या दिशेने चालू लागली. नाकबाईने पहिल्या घराची कडी वाजवली.

दार उघडणाऱ्या बाईचे हात ओले होते. मागे चुलीवर पातेलं उकळत होतं आणि एक पोरगी पेल्याने पाणी पीत उभी होती.

"पंपाचं पाणी पिऊ नका," नाकबाई म्हणाली. "ते विष आहे. आत्ता ओतून टाका."

बाईने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही त्या बरणीपाशी उभ्या होतात त्याच ना?"

"हो," नाकबाई म्हणाली. "मीच ती."